समोर कोण बसणार?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

बुद्धिबळाला पट लागतो, बत्तीस मोहरे लागतात. पण ते नसले तरी फारसे अडत नाही. शाळेच्या ओट्यावर खडूने घरे आखून, बाटल्यांची झाकणे आणि चिंचोके मांडून रंगलेले डाव मी पाहिले आहेत. अडते ते समोरच्या माणसापाशी. आपल्यापेक्षा थोडा सरस खेळणारा, आपल्याला हरवणारा आणि उद्या पुन्हा येऊन बसणारा माणूस मिळाला तर खेळ वाढतो. तो मिळाला नाही तर गावात पहिला असलेला मुलगा गावातच पहिला राहतो आणि पंचक्रोशीबाहेर गेला की पहिल्याच फेरीत उघडा पडतो.

या दृष्टीने दरेकसा हे गाव विचारात घेण्यासारखे आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्याचा हा पूर्वेकडचा कोपरा. नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे महाराष्ट्रातले शेवटचे स्टेशन. पुढे डोंगर, डोंगरात बोगदा आणि बोगद्यापलीकडे छत्तीसगडचे बोरतलाव. १८८० च्या दशकात या भागातून रूळ गेले, तेव्हापासून देशाची पूर्व-पश्चिम वाहतूक इथून धडधडत जाते. पण बहुतेक गाड्यांना इथे थांबायचे कारण नसते. बाहेरच्या लोकांना हे नाव ठाऊक असते ते माघ पौर्णिमेला भरणाऱ्या कचारगडच्या यात्रेमुळे, नाहीतर हाजरा धबधब्यामुळे. आणि वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांतून येणाऱ्या नक्षलवादी दलमच्या बातम्यांमुळेही, हे का लपवावे? बुद्धिबळासाठी या गावाचे नाव कुणी घेतलेले नाही.

तरीही इथली पोरे बुद्धिबळ खेळतात. मोबाईलवर खेळतात. आणि खेळतात ते असे की, घोडा, उंट, वजीर जे हाती लागेल ते समोरच्या राजाच्या अंगावर घालायचे. मागे एका मुलाच्या वडिलांनी मला विचारले, ‘‘गुरुजी, पोरगा रातभर मोबाईलवर शतरंज खेळते. जिंकते बी. पण याच्यातून काई होते का?’’ प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. कारण त्यात दोन प्रश्न आहेत. नेटवर खेळून माणूस खरोखर तयार होतो का, हा एक. आणि आक्रमक खेळणे म्हणजे चांगले खेळणे का, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे शोधायची तर थोडे मागे जावे लागते.

आपल्याकडचे जुने बुद्धिबळ आजच्यापेक्षा संथ होते. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेपेलाही एकच घर सरकायचे. आजच्यासारखी किल्लेबंदी नव्हती. त्याऐवजी शह बसलेला नसेल तर राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारण्याची मुभा असे. प्रांतोप्रांती नियम थोडेथोडे बदलत. अशा खेळात दोन्ही सैन्ये एकमेकांना भिडायलाच दहा-बारा खेळ्या लागत. त्यामुळे आपले जुने खेळाडू डावाच्या सुरुवातीपेक्षा शेवटाकडे अधिक लक्ष देत. थोडे मोहरे उरले असताना मात कशी करायची, याची कोडी ते पाठ करत.

१८१४ साली मुंबईत एक इंग्रजी पुस्तक छापले गेले. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी मूळ संस्कृतातून उतरवलेले बुद्धिबळावरचे निबंध. निबंध म्हणायचे, पण आत मुख्यतः निवडक कठीण स्थिती आहेत: आता पांढऱ्याने खेळून मात कशी करावी, या प्रकारच्या. शिकणाऱ्याची प्रगती व्हावी आणि स्मरणशक्तीला व्यायाम घडावा, असा हेतू मुखपृष्ठावरच सांगितला आहे. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईत कुणाला तरी हे पक्के कळले होते की, नुसते डाव खेळून खेळ वाढत नाही. स्थिती ओळखीच्या व्हाव्या लागतात. आज मोबाईलवर ज्याला पझल म्हणतात, ती हीच गोष्ट.

पण शास्त्रीबुवांचे पुस्तक वाचून झाल्यावर समोर बसणार कोण, हा प्रश्न उरतोच. पंजाबातला मीर सुलतान खान १९२९ साली इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेता झाला. १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा झाला. युरोपीय नियम त्याने नुकतेच शिकलेले. डावाच्या सुरुवातीला तो गडबडे, कारण पुस्तकी ज्ञान नव्हते, आणि शेवटी शेवटी मोठमोठ्या खेळाडूंना गुंडाळी. देशी बुद्धिबळाचे गुण आणि उणिवा दोन्ही या एका माणसात दिसतात. भारतात परतल्यावर त्याच्या तोडीचे समोर बसणारे कुणी उरले नाही आणि त्याचा खेळ तिथेच थांबला. जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, त्याला मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ मध्ये. त्याला जाऊन तेव्हा अर्धे शतक उलटून गेले होते.

महाराष्ट्राने या अडचणीवर आपापल्या परीने उपाय शोधले. १९५५ साली एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तिचे संयुक्त विजेतेपद रामचंद्र सप्रे यांना मिळाले. सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळाने वर्षानुवर्षे स्पर्धा भरवून गावातच प्रतिस्पर्धी आणून बसवले. भाग्यश्री साठे त्याच सांगलीच्या. पण सर्वांत नामी उपाय मुंबईच्या खाडिलकरांच्या घरात झाला. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन बहिणी. समोर बसायला बहीण होतीच, ती उठली तर दुसरी होती! १९७४ साली पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंतीने जिंकली आणि त्यानंतर दशकभर हे विजेतेपद त्या घराबाहेर गेले नाही. १९७६ मध्ये रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा ती जेमतेम १३ वर्षांची होती. केवढा गहजब झाला! प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्वाळा फिडेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांना द्यावा लागला. हा वाद मानाचा होताच. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या मुलीला अधिक तगडे प्रतिस्पर्धी हवे होते.

तिकडे मद्रासला सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात ताल यांच्या नावाचा क्लब होता. तिथे पाच-पाच मिनिटांचे डाव चालत आणि नियम असा की, जिंकेल तो बसून राहील, हरेल त्याने उठून रांगेच्या शेवटी जायचे. विश्वनाथन आनंद नावाचा पोरगा तिथे शिकला. उठावे लागू नये म्हणून भराभर आणि बरोबर खेळायची त्याला सवय लागली. हाच आनंद १९८८ मध्ये भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला आणि समोरचा अर्धा तास विचार करत असताना हा मिनिटाभरात खेळी करतो म्हणून जगभर गाजला. आज नेटवर जे चालते त्याचे बीज मला त्या रांगेत दिसते. फरक इतकाच की, ती रांग मद्रासला होती. सालेकशाच्या मुलाला तिच्यात उभे राहायची सोय नव्हती. खेड्यातल्या हौशी माणसाला फार तर पोस्टकार्डावर एक खेळी लिहून पाठवायची आणि आठवडाभर उत्तराची वाट पाहायची, एवढेच शक्य होते.

ही रांग घराघरांत आली ती अशी. जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकेत एक सार्वजनिक संगणक-केंद्र सुरू झाले. त्याला जोडून घेतले की जगातल्या कुणाशीही डाव मांडता येई. १ मार्च १९९५ पासून तिथे वर्गणी लागू झाली. त्यावर चिडलेल्या काही खेळाडूंनी दोनच दिवसांत आपले निराळे फुकट केंद्र काढले. बुद्धिबळपटू भांडकुदळ असतात, ते असे अधूनमधून उपयोगीही पडते. त्याच वर्षी १५ ऑगस्टला भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले; पण ते मुंबई, दिल्ली अशा मोजक्या शहरांत, फोनच्या तारेवरून, मिनिटाला पैसे मोजून. १९९९ मध्ये गॅरी कास्पारोव्ह एकीकडे आणि सारे जग दुसरीकडे, असा डाव नेटवर झाला. ७५ हून अधिक देशांतल्या ५० हजारांवर लोकांनी मते देऊन जगाच्या बाजूच्या खेळ्या ठरवल्या. चार महिने आणि ६२ खेळ्यांनंतर कास्पारोव्ह जिंकला. पण जगाला इतके टिकवून धरले ते इरिना क्रश या १५ वर्षांच्या अमेरिकन मुलीने. प्रत्येक स्थितीचा रात्र रात्र अभ्यास करून ती आपली शिफारस मांडी. नेटवरचा हा सर्वांत गाजलेला डाव असा दिवसाला एक खेळी या गतीने चालला होता.

पुढे २००७ मध्ये चेस डॉट कॉम आले, २०१० मध्ये लिचेस आले. हे दुसरे संपूर्ण फुकट आणि जाहिरातींशिवाय. तरीही आमच्या भागाला त्याचा उपयोग झाला तो २०१६ नंतर, मोबाईलवरचे इंटरनेट स्वस्त झाल्यावर. आणि २०२० मध्ये टाळेबंदी लागली. शाळा बंद, मैदाने बंद, पोरांच्या हातात अभ्यासाच्या नावाखाली मोबाईल. त्या वर्षात देशभर जितकी मुले बुद्धिबळाकडे वळली, तितकी आधीच्या अनेक वर्षांत वळली नसतील. दरेकसाच्या मुलासमोर रात्री अकरा वाजता ब्राझीलचा कुणी बसला आहे, हे दृश्य १९७६ मध्ये कुणाला सांगितले असते तर हसला असता. समोर कोण बसणार, हा प्रश्न सुटला.

आता दुसरा प्रश्न, आक्रमणाचा. नेटवर नवा आलेला मुलगा पहिल्या आठवड्यात एक युक्ती शिकतो. वजीर आणि उंट मिळून राजाशेजारच्या प्याद्यावर धाड घालायची, चौथ्या खेळीला मात. पाच-पंचवीस जण त्यात सापडतात. गुणांक चढतो, घरात कौतुक होते. मग एक पायरी अशी येते की, समोरच्याला ही युक्ती ठाऊक असते. तो शांतपणे घोडा बाहेर काढतो, वजिराला हुसकावतो, आणखी एक मोहरा बाहेर काढतो, पुन्हा हुसकावतो. आपला वजीर सैरावैरा पळतो आहे आणि समोरच्याचे सगळे सैन्य मैदानात उभे आहे, असे चित्र दहाव्या खेळीला दिसते. मुलाला वाटते, आज दिवस वाईट. तो आणखी एक डाव मांडतो, आणखी एक, आणि रात्रीचा एक वाजतो.

अशा मुलांना मी १८५८ चा एक डाव दाखवतो. पॅरिसच्या ऑपेरागृहात पॉल मॉर्फी हा २१ वर्षांचा अमेरिकन तरुण खेळला. समोर ब्रन्सविकचा ड्यूक आणि एक काउंट, दोघे मिळून. मॉर्फीने १७ व्या खेळीला मात दिली. त्यात त्याने घोडा दिला, हत्ती दिला आणि सोळाव्या खेळीला चक्क वजीर दिला. शेवटी त्याच्याकडे एक हत्ती आणि एक उंट, एवढेच मोठे मोहरे उरले होते आणि त्या दोघांनीच मात केली. पाहणाऱ्याला दिसतो तो वजिराचा बळी. मी मुलांना सांगतो, तो सोडा. आधीच्या खेळ्या मोजा. मॉर्फीचा प्रत्येक मोहरा कामाला लागलेला आहे. राजा किल्ल्यात गेला, दुसरा हत्तीही रांगेत आला. उलट ड्यूकसाहेबांचा एक उंट आणि एक हत्ती शेवटपर्यंत आपल्या घरातून हललेले नाहीत. म्हणजे हल्ल्याच्या जागी मॉर्फीचे बळ जास्त होते. म्हणून त्याला देणे परवडले. ज्याचे अर्धे सैन्य तबेल्यात आहे त्याने वजीर दिला तर त्याला बळी म्हणत नाहीत, नासाडी म्हणतात.

आक्रमक खेळाडूचे काळीज वाघाचे असावे लागते, असे आपल्याकडे बोलले जाते. मला ते फारसे पटत नाही. त्याला हिशेब पुढपर्यंत दिसावा लागतो आणि ओळखीच्या स्थिती पुष्कळ असाव्या लागतात. १९७३ मध्ये चेस आणि सायमन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवायची आणि कोऱ्या पटावर ती मांडायला सांगायची. निष्णात खेळाडू बहुतेक मोहरे बरोबर मांडत, नवखे चार-पाच मांडत. मग तेच मोहरे पटावर कसेही विखरून दाखवले, तर निष्णातही जवळजवळ नवख्यांच्या पंक्तीला येऊन बसले. म्हणजे त्यांची स्मरणशक्ती जगावेगळी नव्हती. त्यांच्याजवळ ओळखींचा साठा होता. ‘राजा कोपऱ्यात, समोर उघडी रांग, घोडा टपलेला’ हे त्यांना एका घासात दिसत होते. शास्त्रीबुवांनी १८१४ मध्ये स्मरणशक्तीचा व्यायाम म्हटले ते याच साठ्याला.

हा साठा तीन मिनिटांच्या डावांनी भरत नाही, ही नेटवरच्या खेळातली खरी अडचण आहे. तीन मिनिटांत माणूस जे येते तेच वापरतो. नवे काही शिकत नाही. उलट एक वाईट गोष्ट शिकतो. हरत असलेला डाव घड्याळावर जिंकता येतो हे त्याला कळते आणि मग तो पटाऐवजी घड्याळाशीच खेळू लागतो. तिसरे दुखणे चोरीचे. जून २०२१ मध्ये करोनाच्या मदतनिधीसाठी आनंदने काही नामवंतांशी नेटवर प्रदर्शनीय डाव खेळले, त्यात एका तरुण उद्योजकाने त्याला हरवले आणि दुसऱ्या दिवशी संगणकाची मदत घेतल्याची कबुली दिली. चांगल्या कामासाठी चाललेल्या खेळात ही गत, तर रात्री अकरा वाजता कोण पाहतो? मुलांना मी एवढेच म्हणतो की, यंत्राने जिंकलेले गुण गोंदियाच्या स्पर्धेत खिशात घालून नेता येत नाहीत.

मग तयार कोण होते, आणि कसे? त्यासाठी याच लोहमार्गाने पश्चिमेला नागपूरपर्यंत यावे लागेल.

नागपूरने गेल्या काही वर्षांत बुद्धिबळात जे केले त्याची विदर्भाबाहेर उशिरा दखल घेतली गेली. रौनक साधवानी २०१९ मध्ये १३ व्या वर्षी ग्रँडमास्टर झाला. संकल्प गुप्ता २०२१ मध्ये झाला. आणि दिव्या देशमुख. ९ डिसेंबर २००५ चा जन्म, आईवडील दोघेही डॉक्टर, पाचव्या वर्षी पटाशी ओळख. पहिले गुरू नागपूरचेच राहुल जोशी. ते २०२० मध्ये अकाली गेले. दहा वर्षांखालील मुलींचे जगज्जेतेपद २०१४ मध्ये, बारा वर्षांखालील २०१७ मध्ये. तिची ख्याती आक्रमक खेळाडू अशीच. राजाकडे जायची वाट दिसली की ती थांबत नाही.

२०२० मध्ये टाळेबंदीमुळे ऑलिंपियाड नेटवर झाले, १५ मिनिटांच्या डावांचे. भारतीय संघाचा कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी. संघात आनंद, कोनेरू हम्पी, हरिका अशी मातब्बर मंडळी आणि मुलींच्या पटावर १४ वर्षांची दिव्या. ३० ऑगस्टला रशियाशी अंतिम सामना. पहिली फेरी ३-३. दुसऱ्या फेरीत डाव ऐन भरात असताना जगभरच इंटरनेटचा मोठा बिघाड झाला. केरळच्या निहाल सरीनचा आणि दिव्याचा संपर्क तुटला. पडद्यावर घड्याळ चालत राहिले आणि दोघे वेळेवर हरले. भारताने दाद मागितली, फिडेने दोन्ही संघांना संयुक्त विजेते ठरवले. आमच्या बोगद्याकडच्या बाजूला रोज रेंज जाते आणि रोज कुणी ना कुणी असा हरतो. ऑलिंपियाडच्या अंतिम सामन्यातही तसेच होते, हे ऐकून पोरांना फार बरे वाटते!

ही मुलगी पुढची पाच वर्षे काय करत होती, तो या गोष्टीतला खरा भाग. नेटवरच्या झटपट डावांत तिला अडचण नव्हतीच. तिने पटावरच्या लांब डावांची कास धरली. २०२३ मध्ये आशियाई विजेती, २०२४ मध्ये गांधीनगरला वीस वर्षांखालील जगज्जेती, ११ पैकी १० गुण मिळवून. त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये संघाचे सुवर्ण आणि तिसऱ्या पटावरचे वैयक्तिक सुवर्ण. जून २०२५ मध्ये लंडनला अतिजलद डावात तिने जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या क्रमांकाच्या हौ यिफानला हरवले. आणि पुढच्याच महिन्यात जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषक.

तिथे तिला मानांकन होते १५ वे. ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म तिच्याकडे नव्हता. दुसऱ्या मानांकनाची झू जिनेर तिने घालवली, उपांत्यपूर्व फेरीत हरिका, उपांत्य फेरीत माजी जगज्जेती तान झोंगयी. तानविरुद्धचा तो निर्णायक डाव १०१ खेळ्यांचा झाला. अंतिम फेरीत समोर हम्पी, म्हणजे दिव्याच्या जन्माच्या तीन वर्षे आधी ग्रँडमास्टर झालेली खेळाडू. दोन संथ डाव बरोबरीत. २८ जुलैला १५ मिनिटांचे जलद डाव. पहिला पुन्हा बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळे मोहरे. डाव लांबला, मोहरे कमी झाले, हम्पीच्या घड्याळात सेकंद उरले आणि अंतपर्वात तिचा तोल गेला. दिव्या जिंकली. विश्वचषक, भारताची ८८ वी ग्रँडमास्टर आणि तो किताब मिळवणारी चौथी भारतीय महिला, हे सारे एका दुपारी.

मला या विजयात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. आक्रमक म्हणून नावाजलेल्या या मुलीने तिच्या आयुष्यातले तोवरचे सर्वांत मोठे दोन डाव हल्ला करून जिंकलेले नाहीत. एक १०१ खेळ्या चिवटपणे बसून जिंकला, दुसरा थोडे मोहरे उरल्यावर, घड्याळ टिकटिकत असताना. शास्त्रीबुवांच्या पुस्तकातली कोडी असतात तशा मोकळ्या पटावर. समोरच्याला ठाऊक असते की हिला वाट दिली तर ही घुसेल; म्हणून तो वाटा बुजवत बसतो, त्यात वेळ घालवतो आणि दमतो. हल्ल्याचा धाक आणि बसून राहायची तयारी या दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडे आल्या की त्याला हरवणे कठीण होते. पहिली गोष्ट नेटवर मिळते. दुसरी तिथे सहसा मिळत नाही.

त्या वडिलांना मी जे सांगितले ते असे. पोराचा मोबाईल काढून घेऊ नका, पण तीन मिनिटांचे डाव बंद करा. पंधरा मिनिटांचे खेळू द्या, दिवसाला दोन. हरलेला डाव त्याने वहीत उतरवायचा. कुठे चुकले ते आधी स्वतः पेन्सिलीने लिहायचे आणि मगच संगणकाला विचारायचे. फुकटातला स्टॉकफिशही आज कोणत्याही जगज्जेत्यापेक्षा बलवान आहे. त्यामुळे उत्तर मिळायला अडचण नाही, अडचण आहे ती उत्तर फार लवकर मिळण्याची. आणि महिन्यातून एकदा तरी खऱ्या पटावर, खऱ्या माणसासमोर बसवा. नेटवरचे गुण फिडे धरत नाही. तिने १ मार्च २०२४ पासून मानांकनाची खालची पायरी १००० वरून १४०० वर नेली, म्हणजे यादीत नाव येण्यासाठीच आता बऱ्यापैकी खेळावे लागते आणि तेही पटावर. त्यासाठी गोंदिया, नाहीतर नागपूर. प्रवेश फी, गाडीभाडे, मुक्काम, आणि सोबत जाणाऱ्या बापाची बुडालेली मजुरी. इंटरनेटने समोरचा माणूस फुकट दिला. पुढच्या खर्चाचे काही झालेले नाही. खेळावर भाषणे करणाऱ्यांनी, माझ्यासकट, हा हिशेब आधी मांडावा.

सध्या आमच्याकडे दर रविवारी सात-आठ मुले जमतात. दोन मुली आहेत, आणि त्यातली एक सगळ्यांना हरवते. गेले दोन रविवार आम्ही दिव्याचा तो १०१ खेळ्यांचा डाव पटावर मांडतो आहोत. एक खेळी मी झाकतो, प्रत्येकाने आपली खेळी वहीत लिहायची, मग उघडायची. पहिल्या दिवशी सगळ्यांनाच वजीर पुढे न्यायचा होता. परवा दोघांनी राजा एक घर मध्ये आणायची खेळी सुचवली आणि का, तेही सांगितले. साठाव्या खेळीपर्यंत आलो आहोत. उरलेला डाव पुढच्या रविवारी.